उचललेला भंडारा

जिल्हा कारागृह, बीड
२ मार्च २०२५

आक्का,

जामीन पुन्हा नाकारला. तू बाहेर व्हरांड्यात मायला धरून बसली होतीस, आत काय झालं ते तुला कुणी धड सांगितलं नसेल, म्हणून मीच लिहितो.

सरकारी वकील उठले आणि म्हणाले, आरोपी मेंढपाळ आहे. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून निघतो. आज माजलगावच्या उसात, उद्या कुठे ते त्यालाच ठाऊक नसतं. सोडला तर तारखेला सापडायचा नाही. आपले वकील म्हणाले, नेकनूरजवळ घर आहे, घरपट्टीची पावती आहे. मग विचारणा झाली, त्या घरात आज कोण राहतं? कुणी नाही. कुलूप आहे. झालं, एवढ्यावर निकाल. बाप, आजा, पणजा सगळे मेंढरांमागे चालले, तो आपला गुन्हा ठरला.

आणि आपल्या बापाला, आबाला, ज्यानं ट्रॅक्टरखाली घातलं त्या विजयसिंहाला त्याच दिवशी संध्याकाळी चौकीतून घरी सोडलं होतं. बाप आप्पाराव ऊसवाहतुकीचा ठेकेदार, बंगला आहे, बागायत आहे, असा माणूस कुठे पळून जाणार? वकिलांनी मला कायदा समजावला. हयगयीनं गाडी चालवून माणूस मारला तर जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि जामीन हा त्याचा हक्कच. मी विजयसिंहाला कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं, तुंब्यानं मारलं, तो जिवंत आहे, खातोपितो, तर मला दहा वर्षं, जमलं तर जन्मठेप, आणि जामीन कोर्टाच्या मर्जीवर. मी विचारलं, "म्हंजी एखाद्याला मारायचाच आसंल तर ट्रॅक्टरनं मारावा, कुऱ्हाडीनं न्हाई, आसंच ना?" वकील हसले नाहीत. कागद आवरायला लागले.

आता साक्षीला तू एकटीच आहेस. मी कळपाच्या मागे नाल्यात होतो, मला आवाज तेवढा आला. पुढे थांबलेल्या दुसऱ्या ट्रॅक्टरचा डायव्हर आप्पारावाच्याच पगारावरचा. चौफुलीवरचा हरिओम म्हणतो, मी चहा गाळत होतो. वाहेदमामू बिचारे त्यांच्या दुकानात एका ट्रॉलीखाली वेल्डिंग करत होते. डोळ्यांनी सगळं पाहिलेली फक्त तू. कोर्ट तुला बोलावेल तेव्हा अक्षर न गाळता सांग. मला इथे जेवढे दिवस काढायचे ते काढीन.

एक सांगतो, इथे येणारं-जाणारं प्रत्येक पत्र साहेब उघडून वाचतात आणि मग शिक्का मारतात. तेव्हा दाजींच्या चुगल्या जरा जपून लिही.

अंगद


घाटनांदूर
२१ मार्च २०२५

अंगद,

तुझं पत्र शिक्क्यासकट मिळालं. तुझ्या दाजींच्या चुगल्या साहेबांनी अवश्य वाचाव्यात, निदान कुणीतरी त्यांना दोन शब्द सुनावेल. पण खरं सांगते, या वेळी माणूस चांगला वागला. मायला इथे आणायचं म्हटल्यावर हूं का चूं केलं नाही. मेंढरं मामाकडे दिलीत. मामा म्हणतो, काही मेंढ्या अजून डांबरी दिसली की पाय रोवून उभ्या राहतात, ओढून न्याव्या लागतात.

माय घरात झोपत नाही. छताखाली जीव गुदमरतो म्हणते, अंगणात बाज टाकून पडते. कारखान्याच्या गाड्या गाणी लावून गेल्या की उठून बसते. मग मला विचारते, "त्यो आला का गं?" कोण ते सांगत नाही.

मी चौकीत जाऊन कागद पाहिले. हात जोडून, दोन तास बसून. त्यात काय लिहिलंय ठाऊक आहे? "रस्त्यावर अचानक मेंढ्या आडव्या आल्याने." अचानक! मेंढरं काय आभाळातून पडली? आबा रस्त्याच्या मधोमध काठी आडवी धरून उभा होता, जसा मी लहानपणापासून बघत आलेय तसा. एस.ट्या थांबत, मोटारी थांबत, शेवटचं कोकरू पलीकडे गेलं की आबा काठी कपाळाला लावून रामराम करायचा, तेव्हा गाड्या निघायच्या. हे त्या कागदात एका ओळीत नाही. मी जमादाराला म्हटलं, "ह्ये कावून न्हाई लिवलं?" तो म्हणाला, "बाई, तुमी कोर्टात सांगा की." सांगणार आहे. मला काय तोंड नाही?

वाहेदमामू भेटले. आबाला त्यांनीच स्वतःच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं होतं. म्हणाले, "बेटी, मी जे बघितलं ते सांगणार. पन मी बाहेर आलो तवा ट्रॅक्टरवर कुनी नव्हतं. झूट कसं बोलू?" माणूस खरा आहे. त्यांच्या शहजादीचाचींनी मायसाठी खजूर दिले.

तू मात्र तोंड सांभाळून राहा. तिथे कुणाशी भांडू नकोस.

शिवकन्या


जिल्हा कारागृह, बीड
१५ जून २०२५

आक्का,

भांडत नाही. इथे भांडायला वेळच नाही, दिवसभर ऐकत असतो. माझ्या शेजारी एकजण आहे, विहिरीवरची मोटार चोरली म्हणून वर्षापासून आत. गेल्या महिन्यात एक जीपवाला आला होता. दारू पिऊन दोन माणसं उडवली. आंघोळीला नंबर लागायच्या आत त्याला न्यायला माणसं आली. जाताना मोटार चोरणाऱ्याला म्हणाला, "तुझं लई वाईट झालं गड्या." त्याला खरंच वाईट वाटत होतं.

मी त्या दिवशी काय केलं ते मायला कधी सांगितलं नाही, तुला सांगतो. साहेबांनीही वाचावं, मी कोर्टातही नाकारलेलं नाही. आबाची राख सावडून आपण परत आलो आणि मी चौफुलीवर गेलो. तो ट्रॅक्टर चौकीच्या आवारात होता, म्हणून विजयसिंह दुसरा घेऊन निघाला होता. तीच गाणी, तोच वेग. मी आबासारखा रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. फक्त काठीच्या जागी कुऱ्हाड होती. आणि आक्का, तो थांबला. माझ्यापासून हातभर अंतरावर, करकचून ब्रेक दाबून थांबला. म्हणजे ब्रेक लागत होते. म्हणजे त्याला थांबता येत होतं. तो थांबला नसता तर मी मेलो असतो, तो थांबला म्हणून मी त्याला खाली ओढला. त्या क्षणी माझं डोकं फिरलं ते याच गोष्टीनं.

मला पश्चात्ताप होत नाही. व्हायला पाहिजे असं इथले गुरुजी सांगतात. मी मान डोलावतो.

आणखी एक. परवा आप्पारावाचा मुनीम शिवशंकर मला भेटायला आला होता. जाळीपलीकडून गोड आवाजात म्हणाला, "तुझ्या बहिनीनं वळखू नये, आमच्या मालकाचं पोरगं बी तुला वळखनार न्हाई. दोनी केसी मिटत्यात. दोनी घरं सुखात." समजलं ना? आबाच्या केसमध्ये तू म्हणायचं, गाडी कुणी चालवली ते मी पाहिलं नाही. माझ्या केसमध्ये तो म्हणणार, मला कुणी मारलं ते मी पाहिलं नाही. म्हणजे आबा आपोआप मेला आणि विजयसिंहाचं डोकं आपोआप फुटलं, हात आपोआप मोडला. मी त्याला म्हटलं, "जाळी हाय म्हनून वाचलास बे."

तुझ्याकडे आला तर पायातलं काढून दाखव. माझी आण आहे तुला. मला सुटायचं नाही असं नाही. पण आबाला कुणी मारलं हे एकदा, एकदाच, भर कोर्टात मोठ्यानं बोललं गेलं पाहिजे. शिक्षा पाच महिन्यांची होवो नाहीतर पाच दिवसांची, मला फरक पडत नाही. बोललं गेलं पाहिजे.

अंगद


घाटनांदूर
२८ ऑगस्ट २०२५

अंगद,

उशीर झाला, रागावू नकोस. पोळा झाला. घरात कामं होती. तुझ्या दाजींचं सोयाबीन बरं आहे. मायला मध्ये ताप होता, आता उतरला. अंगावर मांस राहिलं नाही. जेवताना तुझा घास बाजूला काढून ठेवते, मग तो कुत्र्याला घालते आणि म्हणते, "त्याला पोचला."

गेल्या रविवारी तिला गावच्या खंडोबाला नेऊन आणलं. तिथे आपले काही लोक भेटले. देवाच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागली, पण उतरताना चेहरा कितीतरी मोकळा होता. येताना बसमध्ये चक्क झोपली.

तू काळजी करू नकोस. तू लवकर घरी येशील असं मला वाटतं. का ते विचारू नकोस. अंगावर भंडारा लावून ठेव, सोबत पुडी पाठवलीय, साहेबांनी दिली तर.

शिवकन्या


जिल्हा कारागृह, बीड
१९ सप्टेंबर २०२५

आक्का,

पुडी मिळाली. साहेबांनी हुंगून पाहिली, म्हणाले हळदच आहे. इथल्या दोघातिघांनी मागितली, त्यांनाही दिली.

तुझं पत्र चारदा वाचलं. बाई, तुझं पोटात काही राहत नाही. वरच्या कोर्टात जामिनाला अर्ज घातला ना? दाजींनी खर्च केला असणार आणि मला सांगू नको म्हणून तुझं तोंड बांधलं असणार. दाजींना म्हणावं, मी बाहेर आलो की वर्षभर तुमची शेरडं फुकट राखीन. परवापासून माझी झोपच उडाली आहे. सुटायचं नाव निघालं की माणूस किती हलका होतो, मला माहीत नव्हतं.

पण आधी तुझी साक्ष. वकील म्हणतात दिवाळीनंतर लगेच तारीख लागेल. तू काय सांगायचं ते मी रोज मनात म्हणून बघतो. मी पाहिलेलं नाही तरी तू सांगितलेलं सगळं पाठ आहे. तू थांबू नकोस, रडू नकोस, वकील दटावतील, त्यांच्याकडे बघूच नकोस. न्यायाधीशांकडे बघ. साक्षीची नक्कल मिळते म्हणतात, ती मला पाठव. इथे मी सगळ्यांना वाचून दाखवणार आहे. माझ्या बहिणीनं कसं सांगितलं ते.

अंगद


घाटनांदूर
२४ नोव्हेंबर २०२५

अंगद,

हे पत्र पोस्टानं नाही पाठवत. वकिलांच्या कागदांत घालून देते. हे साहेबांनी वाचायचं नाही.

वरच्या कोर्टात कुणी अर्ज केलेला नाही. विजयसिंह सुटला. माझ्या साक्षीवर सुटला.

तुझ्या आणेची मी माती केली, ती कशी ते सांगते. शिवशंकर तुझ्याकडून निघाला तो माझ्याकडे आला. मी त्याला उंबऱ्याबाहेर उभा केला. पण मायनं आतून ऐकलं. त्या दिवसापासून तिनं अन्न टाकलं. ताप आला होता असं मी लिहिलं, ताप नव्हता. ती म्हणायची, "गेल्याला किती बी बोललीस तरी त्यो यायचा न्हाई. हाय त्याला आन." रोज हेच. रात्री-दिवसा हेच. मी तिच्यावर ओरडले, मग रडले.

शेवटी तीच म्हणाली, देवासमोर बसू. त्या रविवारी देवळात आप्पाराव आला, विजयसिंह आला, आपले चार जाणते आले. विजयसिंहाचा हात अजून नीट वळत नाही. त्याच हातात त्यानं बेलाचं पान आणि भंडारा उचलला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मी अंगदला वळखनार न्हाई. खंडोबाची आन." मायनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला. अंगद, आपल्या मायनं. तिच्या तोंडावर काय समाधान होतं! बेल-भंडार उचलून फिरलेला माणूस तिनं आयुष्यात पाहिलेला नाही. आपल्यात भांडणं, सोडचिठ्ठ्या, मेंढरांची चोरी, सगळं भंडाऱ्यावर मिटतं. कोर्टाच्या शिक्क्याहून तिला तो पक्का.

मलाही पक्का वाटला. सगळं मायवर ढकलत नाही. मलाही तू घरी हवा होतास.

वाहेदमामूंना कळलं तेव्हा ते मला एवढंच म्हणाले, "बेटी, तुमच्या भंडाऱ्यातलं मला काय समजत न्हाई. पन पैले त्याची गवाही होऊ दे, मंग तुझी. बीमार हाय म्हन, तारीख मागून घे." मी मायला सांगितलं. ती चिडली. म्हणाली, "देवावर भरोसा न्हाई आसं दिसंल." म्हणून मी ठरल्या तारखेला गेले.

मला विचारलं, ट्रॅक्टर कोण चालवत होतं? मी म्हटलं, माझी पाठ होती. समोर बसलेल्या माणसाला ओळखता का? मी म्हटलं, नाही. सरकारी वकिलांनी पोलिसांना दिलेला जबाब वाचून दाखवला, हा तुमचाच ना? मी म्हटलं, मी असं सांगितलं नव्हतं. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि परत घातला. वाहेदमामूंनी जे खरं तेच सांगितलं, पण त्यात चालवणारा नव्हता. निकाल आठवड्यात लागला. नक्कल पाठवू का? तू मागितली होतीस.

तुझी तारीख जानेवारीअखेर आहे. तो ओळखणार नाही, तू सुटशील, मग मला हवं ते बोल. मार हवं तर.

शिवकन्या


जिल्हा कारागृह, बीड
१२ डिसेंबर २०२५

शिवकन्या,

आक्का म्हणायला आज जीभ वळत नाही. हे पत्रही वकिलांच्याच हाती देतो.

मी आत का बसलोय ते तुला माहीत होतं. विजयसिंहाला मारलं म्हणून नाही. तो रस्त्यावरून असा जात होता जसं काही घडलंच नाही, ते मला बघवलं नाही म्हणून. आता कोर्टानंही लिहून दिलं की त्यानं काही केलं नाही. आणि ते तुझ्या तोंडानं लिहून घेतलं. त्यानं आबाला एकदा मारलं. तू आणि मायनं मिळून आबाचं मरणच पुसलंत. मी बाहेर येऊन काय करू? त्याच चौफुलीवर मेंढरं घेऊन उभा राहू आणि त्याचा ट्रॅक्टर आला की रामराम करू?

नक्कल पाठवू नकोस. फाडून टाक.

इथपर्यंत लिहून कागद ठेवून दिला होता. दोन दिवसांनी पुढे लिहितो.

खरं सांगितल्याशिवाय राहवत नाही. वकिलांनी पत्र हातात दिलं आणि मी वाचलं, तेव्हा सगळ्यात आधी मला राग नाही आला. आधी मनात आलं, फेब्रुवारीत मी घरी. मेंढ्या वितात तोवर घरी. मग राग आला. मला माझीच शिसारी वाटली. तेव्हा तुला काय बोलू?

मायला म्हणावं, जेव.

अंगद


घाटनांदूर
९ मार्च २०२६

अंगद,

हे पत्र पोस्टानं पाठवते आहे, मुद्दाम.

विजयसिंहानं साक्षीत तुझ्याकडे बोट दाखवून "हाच त्यो, चांगला वळखतो" म्हटलं तेव्हा तू आमच्याकडे बघितलंस. मी खाली बघितलं. त्यानंतर शुक्रवारी सात वर्षं सुनावली, तेव्हाही मी वर बघू शकले नाही. पोलिसांनी तुला गाडीत घातलं, मग काय झालं ते तुला माहीत नाही.

तो निकाल ऐकायला मुद्दाम आला होता, चार मित्र घेऊन. मी त्याला आवारात आडवी गेले. म्हटलं, "भंडारा उचलला व्हतास न्हवं?" तो हसला नाही, घाबरलाही नाही. लहान मुलाला समजावावं तसं म्हणाला, "आवं बाई, भंडारा देवळात. हितं कोर्ट हाय. माजा हात जलमाचा गेला, त्येला सोडू व्हय?" आणि गाडीत बसून गेला. स्वतःच चालवत गेला, एका हातानं. त्याचं म्हणणं त्याच्यापुरतं बरोबर होतं बघ. त्याच्या हाताची किंमत त्याला पुरी मिळाली. आबाची शून्य झाली, ती आपणच केली.

माय बसमध्ये म्हणाली, "द्येव बघून घील." ती म्हातारी आहे, तिला तेवढं राहू दे. पण मला आता देवाची वाट बघायची नाही. घरी आले तर वाहेदमामू आणि शहजादीचाची आधीच येऊन बसले होते. मामू "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाले नाहीत. त्यामुळे जास्तच लागलं.

वकील म्हणतात अपील करू. करू. पण आबाची केस उघडायची तर तिथे साक्षीला मीच लागणार, आणि माझं बोलणं तर कोर्टात लिहिलेलं आहे, मी पाहिलं नाही म्हणून. म्हणून जे तिथे बोलायचं होतं ते इथे लिहिते. तू ऐक. तुला पाठ आहे, पण माझ्या तोंडून ऐक.

मी चार दिवसांसाठी माहेरच्या बिऱ्हाडावर आले होते. सकाळची वेळ होती, ऊन चांगलं वर आलं होतं. माय घोडं घेऊन पुढे गेली होती. आबानं रस्त्याच्या मधोमध उभं राहून काठी आडवी धरली आणि कळप उतरवला. मी पलीकडे जाऊन थांबले. माझ्या कडेवर त्याच पहाटे जन्मलेलं कोकरू होतं. कारखान्याकडून दोन ट्रॅक्टर रिकाम्या ट्रॉल्या घेऊन शर्यत लावल्यासारखे येत होते. पुढचा थांबला. पूर्ण थांबला. आबानं त्याला हात केला. मागचा थांबला नाही. त्यानं पुढच्याला उजवीकडून ओलांडून ट्रॅक्टर आबाच्या अंगावर घातला. गाणं एवढं मोठं होतं की मी ओरडले ते मलाच ऐकू आलं नाही. चालवणारा विजयसिंह होता. मी त्याला समोरून पाहिलं, मधे काही नव्हतं. त्याच्या एका हातात मोबाइल उभा धरलेला होता, तोंड त्या थांबलेल्या ट्रॅक्टरकडे वळवून तो हसत होता. पुढे बघतच नव्हता. आबा हलला नाही. मेंढरं अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे होती, तो कसा हलणार?

मग विजयसिंह खाली उतरला. आधी त्यानं ट्रॅक्टरचा फुटलेला दिवा बघितला. वाकून, हात लावून बघितला. मग चाकाकडे बघितलं. आबाच्या ओठांतून आवाज येत होता. तो "मेंढरं, मेंढरं" म्हणत होता. विजयसिंह म्हणाला, "आयला, म्हातारं मधीच उभं व्हतं." आणि शेतातून पळाला. मी कोकरू हातातून सोडलं नाही. का सोडलं नाही मला माहीत नाही. ते धरूनच मी आबाजवळ बसले, आणि वाहेदमामू धावत आले तोवर आबाचा आवाज थांबला होता.

मी, शिवकन्या, धुळाजीची मुलगी, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. कोर्टात मी नाही म्हणाले ते खोटं होतं, आणि ते खोटं होतं हे त्या कोर्टात बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

साहेब, तुम्ही हे वाचता ते मला ठाऊक आहे, तुमच्यासाठीच पोस्टानं पाठवलं. खोट्या साक्षीला शिक्षा असते म्हणतात. ती मला द्यायची असेल तर माझा पत्ता वर आहे. मी फिरस्ती नाही, घाटनांदूरला घर आहे, घरात माणसं आहेत, मी कुठे पळून जाणार नाही. काही करायचं नसेल तर नका करू. पण आबाला कुणी मारलं हे एका सरकारी माणसानं तरी वाचलं, एवढं मला हवं होतं. आता नेहमीसारखा यावर शिक्का मारा आणि माझ्या भावाला द्या.

अंगद, माय जेवते. शिक्का नीट उमटलाय का, ते तेवढं कळव.

तुझी आक्का
शिवकन्या